हुंडणावळीचा जुना दर कसा शोधावा आणि कसा वाचावा: रुपया, पौंड आणि डॉलर

‘स्वातंत्र्य मिळाले तेव्हा एक रुपया एका डॉलरच्या बरोबरीचा होता’ हे विधान दर वर्षी ऑगस्ट महिना जवळ आला की मोबाइलवरून नव्याने फिरू लागते, आणि हिशेबाला पक्की असलेली माणसेही ते विश्वासाने पुढे पाठवतात. हे विधान चुकीचे आहे. १९४७ मध्ये एका डॉलरला सुमारे ३ रुपये ५ आणे मोजावे लागत होते, आणि ही गोष्ट कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत पडताळता येते. ती पडताळणी कशी करायची, आणि त्याच रीतीने गेल्या दीडशे वर्षांतील कोणत्याही दिवसाचा रुपया-डॉलर किंवा रुपया-पौंड विनिमय दर, म्हणजेच हुंडणावळीचा दर, कसा काढायचा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. त्रैराशिक, चलनाचा थोडा इतिहास आणि कागद सावकाश वाचण्याची सवय एवढे पुरते. घरातल्या जुन्या पेटीत आजोबांच्या विलायतेतील शिक्षणाच्या पावत्या सापडल्या असतील, एखाद्या गिरणीच्या जमाखर्चावर प्रबंध लिहायचा असेल, किंवा परदेशातील जुन्या पगाराचा कर-हिशेब पुरा करायचा असेल, तर काम सारख्याच पायऱ्यांनी करावे लागते. फरक पडतो तो कोणती पायरी अधिक काळजीने चढायची एवढ्याचाच.

पहिली पायरी: प्रश्न पूर्ण मांडा

‘१९६६ मध्ये डॉलर कितीला होता?’ हा अपुरा प्रश्न आहे, कारण त्या वर्षाच्या ५ जूनला डॉलर ४ रुपये ७६ पैशांना होता आणि ६ जूनला तो साडेसात रुपयांना झाला. दोन्ही उत्तरे १९६६ चीच आहेत. म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी वहीत तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: नेमकी तारीख कोणती, पैसे कोणत्या चलनातून कोणत्या चलनात गेले, आणि दर कशासाठी हवा आहे. कुटुंबाच्या इतिहासासाठी अधिकृत दर पुरेसा असतो. प्राप्तिकरासाठी कायद्याने ठरवलेला विशिष्ट दरच चालतो. आणि अमुक माणसाच्या हातात खरोखर किती रुपये पडले हे हवे असेल, तर बँकेची पावती हाच पुरावा, कारण प्रकाशित दर आणि मिळालेला दर यांत बँकेचे अंतर असतेच.

दुसरी पायरी: दराची दिशा ओळखा

आज आपण ‘एका डॉलरला इतके रुपये’ असे बोलतो. इंग्रजी अमदानीत मात्र भारतातला दर बरोबर उलट, म्हणजे ‘एका रुपयाला इतके शिलिंग व पेनी’ असा लिहिला जाई. त्यामुळे जुन्या वर्तमानपत्रात ‘दर वाढला’ असे वाचले तर त्याचा अर्थ रुपया वधारला असा होतो, आणि आजच्या बातमीत ‘डॉलरचा दर वाढला’ म्हणजे रुपया घसरला. हा उलटा अर्थ लक्षात न आल्यामुळे चांगल्या लेखांतही चुका झालेल्या मी पाहिल्या आहेत.

टक्केवारीच्या बाबतीत हा घोटाळा अधिकच होतो. १९६६ चे अवमूल्यन (सरकारने रुपयाची अधिकृत किंमत उतरवणे) काही ठिकाणी ३६.५ टक्के, तर काही ठिकाणी ५७.५ टक्के असे दिलेले आढळते, आणि नवखा वाचक एक आकडा चुकीचा समजतो. वास्तविक दोन्ही बरोबर आहेत. रुपयाची डॉलरमधली किंमत २१ सेंटांवरून १३.३३ सेंटांवर आली, म्हणजे ३६.५ टक्क्यांनी कमी झाली. उलट बाजूने पाहता डॉलरची रुपयातली किंमत ४.७६ वरून ७.५० वर गेली, म्हणजे ५७.५ टक्क्यांनी वाढली. आपण ज्या बाजूने मोजतो आहोत ती बाजू वाक्यात स्पष्ट लिहिली की वाद मिटतो.

तिसरी पायरी: एकके आणि कोणता रुपया

१ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे, आण्याचे १२ पै, म्हणजे रुपयाचे १९२ पै होत. त्या दिवसापासून रुपयाचे १०० नये पैसे झाले, आणि १ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द गळला. पौंडाचे २० शिलिंग व शिलिंगाचे १२ पेनी, म्हणजे पौंडाचे २४० पेनी होते. १५ फेब्रुवारी १९७१ पासून तेथे १०० पेनींचा पौंड आला. या २४० च्या आकड्यावरच जुना सगळा हिशेब चालतो. रुपया १६ पेनींचा असेल, तर २४० भागिले १६, म्हणजे पौंडाला १५ रुपये. रुपया १८ पेनींचा असेल, तर पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. जुन्या हिशेबात ‘१३-५-४’ अशी नोंद दिसली तर ती तारीख किंवा पानाचा क्रमांक नसून पौंडाचा भाव असण्याची शक्यता मोठी आहे.

‘रुपया’ हा शब्द दिसला म्हणून तो भारतीयच असेल असेही धरून चालू नये. १९४९ मध्ये भारताने अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, आणि त्यानंतर १०० पाकिस्तानी रुपये १४४ भारतीय रुपयांच्या बरोबरीचे धरले जाऊ लागले. पाकिस्तानने आपला रुपया उतरवला तो थेट १९५५ मध्ये. आखाती प्रदेशात भारतीय रुपया चालत असे. १९५९ मध्ये तेथल्यासाठी रिझर्व्ह बँकेने वेगळ्या नोटा काढल्या, आणि पुढे त्या देशांनी एकेक करून आपापली चलने आणली. गोव्यातील वाचकांसाठी तर ही बाब घरचीच आहे: पोर्तुगीज अमलातील ‘रुपिया’ १९५८ पर्यंत चालला, त्यानंतर एका रुपियाला ६ एस्कुदो या हिशेबाने एस्कुदो आला, आणि गोवा मुक्त झाल्यावर त्याची जागा भारतीय रुपयाने घेतली. पणजी किंवा मडगावच्या १९५९ च्या कागदावरील रक्कम भारतीय रुपयांत आहे असे समजून पुढे गेल्यास सगळी बेरीज बिघडते.

चौथी पायरी: त्या दिवशी दर कोण ठरवत होते, ते पाहा

सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच बहुतेक जण वगळतात. दर बाजारात रोज ठरत होता, की सरकारने बांधून दिला होता, आणि बांधला असेल तर कशाला, हे कळल्याखेरीज आकड्याला अर्थ नाही.

एकोणिसाव्या शतकात रुपया चांदीचा आणि पौंड सोन्याचा होता. दोन्ही धातूंचे परस्परांतले भाव स्थिर होते तोवर रुपया साधारण दोन शिलिंगांच्या आसपास राहिला. १८७० नंतर जर्मनीसह एकेक देश सोन्याकडे वळू लागला, चांदीचा पुरवठा वाढला आणि तिचा भाव उतरू लागला, तसा रुपयाही उतरला. १८७१-७२ मध्ये सुमारे २३ पेनी असलेला रुपया १८९४-९५ मध्ये सुमारे १३ पेनींवर आला. हिंदुस्थान सरकारला लंडनमध्ये कर्जावरचे व्याज, निवृत्तिवेतने आणि इतर खर्च पौंडांत भागवावा लागे. तेवढ्याच पौंडांसाठी येथल्या रयतेकडून जवळजवळ पावणेदोनपट रुपये गोळा करावे लागू लागले. त्या काळातील अंदाजपत्रकांत ‘हुंडणावळीतील तूट’ हे शब्द वारंवार दिसतात ते याचमुळे. जुनी मराठी नियतकालिके चाळताना ‘विनिमय दर’ हा शब्द शोधून फारसे हाती लागणार नाही, ‘हुंडणावळ’ शोधावे. आपल्या भाषेतला हा नेमका आणि देखणा शब्द वापरातून जवळजवळ गेला, याचे वाईट वाटते.

२६ जून १८९३ रोजी टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या, म्हणजे चांदी देऊन रुपये पाडून घेण्याची मुभा संपली. त्यानंतर रुपया हळूहळू १६ पेनींवर चढला आणि १८९९ पासून सॉव्हरिन हे सोन्याचे नाणे १५ रुपयांना कायदेशीर चलन ठरले. १८९९ ते पहिल्या महायुद्धाची सुरुवात या काळातील तारीख असेल, तर काम सोपे आहे: पौंडाला १५ रुपये धरावेत, चूक झाली तरी फार बारीक होईल.

महायुद्धात आणि त्यानंतर सहा-सात वर्षे मात्र हा ठोकताळा अजिबात वापरू नये. चांदी इतकी महागली की १९२० च्या प्रारंभी रुपया अडीच शिलिंगांच्याही वर गेला, सरकारने तो दोन शिलिंगांवर कायम करण्याचा प्रयत्न केला, तो फसला, आणि १९२१ मध्ये रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास येऊन बसला. वर्षभरात अर्ध्यावर आलेला दर वार्षिक सरासरीने सांगणे म्हणजे वाचकाला फसवणेच होय. या वर्षांसाठी निदान महिन्याचा, शक्य असेल तर दिवसाचा दर मिळवावा.

१९२५-२६ मध्ये हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगाने रुपया १८ पेनींवर, म्हणजे दीड शिलिंगावर, ठेवण्याची शिफारस केली आणि १९२७ च्या कायद्याने ती अमलात आली. मुंबईच्या व्यापारी व गिरणीमालक वर्गाला १६ पेनी हवे होते, कारण रुपया स्वस्त असला की निर्यातीला बळ मिळते आणि आयात कापडाची स्पर्धा कमी होते. आयोगातील पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी याच मुद्द्यावर भिन्नमतपत्रिका जोडली. या आयोगापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची साक्ष झाली होती. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा लंडन विद्यापीठाचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आला होता, आणि १८९३ च्या आगेमागे काय घडले हे मुळातून समजून घ्यायचे असेल, तर आजही त्याच्याइतका खोलात जाणारा दुसरा वाटाड्या मला माहीत नाही.

सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णपरिमाण (चलनाची किंमत ठरावीक सोन्याशी बांधण्याची पद्धत) सोडले, तेव्हा रुपया सोन्यापासून सुटला पण पौंडाला बांधलेला राहिला, त्याच १८ पेनींवर. येथे एक सूत्र मनात पक्के करावे: १९२७ पासून ५ जून १९६६ पर्यंत, मधली सगळी युद्धे, फाळणी आणि एक अवमूल्यन धरूनही, पौंडाचा दर १३ रुपये ३३ पैसे हाच राहिला. त्या काळात डॉलरचा भाव बदललेला दिसतो, तो पौंड आणि डॉलर यांच्यातील भाव बदलल्यामुळे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे रुपयाचे सममूल्य, म्हणजे बांधून दिलेली अधिकृत किंमत, नोंदवले गेले ते ३०.२२५ सेंट. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथे ज्या परिषदेत हा नाणेनिधी आकाराला आला, तिला रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख भारताच्या प्रतिनिधिमंडळातून उपस्थित होते. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणला, भारतानेही तितकेच अवमूल्यन केले, आणि रुपया २१ सेंटांचा झाला. म्हणजे डॉलर ४ रुपये ७६ पैशांना. ६ जून १९६६ रोजी भारताने स्वतंत्रपणे अवमूल्यन करून डॉलर साडेसात रुपयांवर व पौंड २१ रुपयांवर नेला. नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटनने पौंड २.४० डॉलरपर्यंत खाली आणला, भारताने या वेळी पाठोपाठ जाण्याचे नाकारले, आणि पौंड १८ रुपयांना मिळू लागला.

ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रुपया पुन्हा पौंडाशी, १८.९६७७ या दराने, जोडला गेला. जून १९७२ मध्ये पौंड तरंगता झाला, म्हणजे त्याचा भाव बाजारात ठरू लागला, आणि त्याला बांधलेला रुपयाही डॉलरच्या तुलनेत रोज हलू लागला. २५ सप्टेंबर १९७५ पासून रुपया एका चलनाऐवजी अनेक चलनांच्या समूहाशी जोडला गेला. तेव्हापासून एकच अधिकृत आकडा पाठ करून भागत नाही. तारखेनुसार दर पाहावाच लागतो. १९८० मध्ये सरासरी ७.८६ रुपये असलेला डॉलर १९९० मध्ये साडेसतरा रुपयांवर गेला, आणि यात कोणत्याही एका दिवशी मोठे अवमूल्यन झालेले नाही.

जुलै १९९१ मध्ये, परकीय गंगाजळी आटली असताना, १ आणि ३ तारखेला असे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले आणि डॉलर सुमारे २१ रुपयांवरून सुमारे २६ रुपयांवर गेला. १९९१ मधला कागद असेल तर महिना पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये.

यानंतरचे एक वर्ष संशोधकाची खरी परीक्षा घेते. मार्च १९९२ ते फेब्रुवारी १९९३ या काळात एकाच दिवशी दोन दर कायदेशीर होते. बाहेरून आलेल्या परकीय चलनापैकी ४० टक्के अधिकृत दराने आणि ६० टक्के बाजारभावाने रुपयांत बदलून मिळत असे. समजा अधिकृत दर २६ आणि बाजारभाव ३० होता, तर १,००० डॉलरपैकी ४०० डॉलरचे १०,४०० रुपये आणि ६०० डॉलरचे १८,००० रुपये मिळून २८,४०० रुपये झाले. म्हणजे प्रत्यक्षात पडलेला दर २८ रुपये ४० पैसे, जो कोणत्याही तक्त्यात छापलेला नसतो. मार्च १९९३ मध्ये दोन्ही दर एक झाले आणि तेव्हापासून दर बाजारात ठरतो, रिझर्व्ह बँक गरजेनुसार त्यात हस्तक्षेप करते.

पाचवी पायरी: पौंडामार्गे डॉलर काढा

आता सुरुवातीच्या विधानाची पडताळणी करू. १९४७ मध्ये रुपया १८ पेनींचा, म्हणून पौंडाला १३.३३ रुपये. पौंडाचा अधिकृत भाव ४.०३ डॉलर. १३.३३ ला ४.०३ ने भागले की ३.३१ येतात. एवढाच हिशेब आहे. ‘भारतावर कर्ज नव्हते म्हणून रुपया डॉलरच्या बरोबरीचा होता’ असे जे कारण दिले जाते त्याचाही येथे काही संबंध नाही. युद्धकाळात ब्रिटनकडेच आपले शंभर कोटी पौंडांहून अधिक येणे जमले होते हे खरे, पण दर ठरला तो १९२७ च्या १८ पेनींवरून. रुपयाची किंमत हा राष्ट्राच्या अभिमानाचा मापदंड समजला की असे खोटे आकडे गोड लागतात.

हीच रीत मागे नेता येते. पहिल्या महायुद्धापूर्वी पौंड ४.८७ डॉलरचा आणि १५ रुपयांचा होता, म्हणजे डॉलर ३ रुपये ८ पैशांच्या आसपास. १९३२ मध्ये पौंड सरासरी साडेतीन डॉलरवर आला होता, म्हणजे डॉलर ३ रुपये ८० पैशांच्या आसपास, १९४७ पेक्षाही महाग. विसाव्या शतकात डॉलर एका रुपयाला कधीच नव्हता.

दुसरे उदाहरण घरगुती आहे. समजा मुंबईच्या एका कुटुंबाने इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या मुलाला दर खेपेस १०० पौंड पाठवले. जुलै १९६५ मध्ये त्यासाठी १,३३३ रुपये, जुलै १९६६ मध्ये २,१०० रुपये आणि जानेवारी १९६८ मध्ये १,८०० रुपये लागले असणार, शिवाय बँकेची दलाली वेगळी. पत्रांत ‘यंदा फार ओढाताण झाली’ असे वाक्य आले असेल, तर त्याच्या तारखेशेजारी हे तीन आकडे ठेवून पाहावेत.

मात्र अधिकृत दर छापलेला होता म्हणून त्या दराने हवे तेवढे चलन मिळत होते असे मुळीच नाही. परकीय चलनावर १९४७ च्या आणि पुढे १९७३ च्या कायद्याचे कडक नियंत्रण होते. खिशात ८ डॉलर घेऊन अमेरिकेला निघाल्याच्या आठवणी त्या पिढीच्या अनेक मराठी घरांत आजही सांगितल्या जातात. अधिकृत मार्गाबाहेर डॉलर याहून महाग मिळे, आणि त्या व्यवहारांचा विश्वासार्ह तक्ता मिळण्याची आशा धरू नये.

सहावी पायरी: आकडे कोठे मिळतात

अलीकडच्या काळासाठी रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर, म्हणजे बाजारातील व्यवहारांवरून काढलेला त्या दिवसाचा प्रातिनिधिक दर, हा पहिला आधार आहे. १० जुलै २०१८ पासून तो काढण्याचे व प्रसिद्ध करण्याचे काम ‘फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया’ ही संस्था करते; डॉलर, पौंड, युरो आणि येन यांचे दर कामाच्या प्रत्येक दिवशी दुपारी जाहीर होतात. लांब पल्ल्याच्या मासिक व वार्षिक सरासरीसाठी रिझर्व्ह बँकेची भारतीय अर्थव्यवस्थेवरील सांख्यिकी पुस्तिका आणि तिच्या संकेतस्थळावरील माहितीकोश पाहावा. दोन्ही विनामूल्य आहेत.

सेंट लुईस येथील फेडरल रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर रुपया-डॉलरचे रोजचे आकडे जानेवारी १९७३ पासून मिळतात आणि ते उतरवून घेणे अत्यंत सोपे आहे. पण ते न्यूयॉर्कच्या दुपारचे दर आहेत, आणि तेथे दुपार होते तेव्हा मुंबईत रात्र झालेली असते. म्हणून एकाच तारखेचा तेथला व येथला आकडा थोडा वेगळा दिसला तर घाबरू नये. एका लेखात दोन्ही मात्र मिसळू नयेत.

स्वातंत्र्यपूर्व काळासाठी ब्रिटिश हिंदुस्थानचे वार्षिक सांख्यिकी गोषवारे, चलनविषयक सरकारी अहवाल आणि रिझर्व्ह बँकेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेला बँकिंग व चलनविषयक आकडेवारीचा ग्रंथ उपयोगी पडतात. रोजच्या दरासाठी मुंबईच्या जुन्या इंग्रजी दैनिकांचे व्यापारी पान हाच मार्ग. तेथे ‘टीटी’ म्हणजे तारेने पाठवलेल्या रकमेचा दर आणि हुंडीचे दर शेजारी शेजारी छापलेले असतात, तेव्हा ओळ नीट पाहून आकडा घ्यावा.

सातवी पायरी: कोणत्या प्रकारचा दर

बँकेच्या दरपत्रकावर खरेदी आणि विक्री असे दोन रकाने असतात, आणि दोन्ही शब्द बँकेच्या बाजूने वाचायचे असतात: तुम्ही डॉलर आणून दिले तर बँक ते खरेदी करते, म्हणून तुम्हाला खरेदीचा, म्हणजे कमी, दर मिळतो. रोख नोटांचा दर आणखी वेगळा. संदर्भ दर या सर्वांच्या मध्ये कोठेतरी असतो आणि त्या दराने सामान्य माणसाचा व्यवहार होत नाही.

कराच्या कामासाठी पसंतीला वाव नाही. १९६२ च्या आयकर नियमांतील ११५ व्या नियमानुसार परकीय चलनातील उत्पन्न भारतीय स्टेट बँकेच्या टीटी खरेदी दराने रुपयांत मांडायचे असते, आणि पगाराच्या बाबतीत ज्या महिन्यात पगार देय होतो त्याच्या आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवसाचा दर धरायचा असतो. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्याखालील वर्षांसाठी त्या कायद्याचे नियम पाहावेत. आयात-निर्यातीच्या शुल्कासाठी सीमाशुल्क खाते आपले वेगळे दर प्रसिद्ध करते. ते दुसऱ्या कामाला वापरू नयेत.

आठवी पायरी: दिवस, सरासरी आणि वर्ष

एकदाच झालेल्या व्यवहाराला त्या दिवसाचा दर, वर्षभर थोडे थोडे आलेल्या उत्पन्नाला सरासरी, आणि वर्षअखेरच्या शिलकेला अखेरच्या दिवसाचा दर लावावा. सरासरी किती लपवू शकते हे २०१३ मध्ये दिसले: मेच्या आरंभी डॉलर ५४ रुपयांच्या आसपास होता, २८ ऑगस्टला तो ६८ च्या वर गेला, आणि त्या वर्षाची सरासरी साडेअठ्ठावन्नच्या जवळपास आली.

वर्ष कोणते, हेही तपासावे. १९९१ या जानेवारी ते डिसेंबर वर्षाची सरासरी २२.७४ रुपये आहे, तर १९९१-९२ या आर्थिक वर्षाची २४.४७. तक्त्याच्या मथळ्यात नुसते ‘१९९१’ लिहिलेले असेल तर तळटीप वाचल्याखेरीज तो आकडा उचलू नये. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी दर नसतो. अशा वेळी आधीच्या कामाच्या दिवसाचा दर घेण्याची रीत आहे, आणि तसे केल्याचे लिहावे.

नववी पायरी: आजच्या पैशांत सांगताना

जुन्या डॉलर-रकमेची आजची किंमत सांगायची असेल, तर दोन वाटा आहेत, आणि त्यांची उत्तरे निरनिराळी येतात. १९५५ मधले १०० डॉलर त्या दिवशीच्या दराने ४७६ रुपये झाले, मग भारतातील महागाईनुसार ते आजवर आणले, ही एक वाट. आधी अमेरिकेतील महागाई लावून मग आजच्या दराने रुपये केले, ही दुसरी. रक्कम पुण्यात खर्च झाली असेल तर पहिली वाट धरावी, शिकागोत खर्च झाली असेल तर दुसरी. १९५५ च्या रकमेला आजचा डॉलर-दर थेट लावणे ही मात्र तिसरी वाट नव्हे. ती चूक आहे.

दहावी पायरी: नोंद

आकडा मिळाला की त्याच क्षणी पूर्ण नोंद करावी, कारण चार महिन्यांनी तो कोठून आणला हे आठवत नाही. गुणाकार-भागाकार संपेपर्यंत दराचे चार दशांश राखावेत आणि शेवटीच पैशांपर्यंत पूर्णांक करावा, पौंडाचा १३.३३३३ हा दर मध्येच १३.३ केला, तर हजार पौंडांमागे ३३ रुपयांचा फरक पडतो. वर दिलेल्या उदाहरणातील कुटुंबाच्या वहीत नोंद अशी दिसेल: ‘१८ जुलै १९६६; १०० पौंड पाठवले; अधिकृत सममूल्य दर, १ पौंड = २१ रुपये; ६ जून १९६६ च्या अवमूल्यनानंतरचा; रक्कम २,१०० रुपये; बँकेची पावती सापडलेली नाही, दलाली धरलेली नाही.’